हातात मावणाऱ्या मुक्त संगणकासाठी प्रोसेसर कोणाकडून घ्यावा?

कुळागर (फोंडा)

सर्वांना नमस्कार.

आम्ही फोंड्यातील काही जण हातात मावेल असा, लिनक्सवर चालणारा छोटा संगणक तयार करीत आहोत. पाच इंची पडदा, देवनागरी अक्षरे असलेला कळफलक, शाळेचा दिवस निभावेल एवढी बॅटरी, आणि इंटरनेट नसतानाही पायथन शिकता यावे, मराठी लिहिता-वाचता यावे, इतकीच त्याच्याकडून अपेक्षा आहे. सर्किटचे आराखडे, पीसीबीच्या (सुटे भाग बसवायच्या छापील बोर्डाच्या) फाइली आणि सॉफ्टवेअर हे सर्व खुले राहील. पहिली खेप दोनशे नगांची असून चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर ती जुळणीला द्यावी, असा बेत आहे.

घोडे अडले आहे ते प्रोसेसरपाशी. रॉकचिपचा आरके३५६६, एनएक्सपीचा आय.एमएक्स ८एम क्वाड आणि एसटीचा एसटीएम३२एमपी१५७ अशी तीन नावे आमच्या यादीत उरली आहेत. मोबाइलच्या चिप बनवणाऱ्या एका कंपनीकडेही चौकशी केली होती. त्यांनी सर्वांत आधी वर्षाची मागणी किती ते विचारले आणि आमचा आकडा ऐकल्यावर पुढच्या पत्रांना उत्तरच दिले नाही. वेग आणि किंमत यांची तुलना आमची आम्ही करू शकतो. परंतु दोनशे नग घेणाऱ्या गिऱ्हाइकाने पुरवठादार म्हणून एखादी कंपनी कशी पारखावी, हे जाणकारांनी सांगावे.

मांडवीतीर (पणजी)

चिप किती वेगवान आहे यापेक्षा त्या कंपनीने उद्या आपल्याकडे पाठ फिरवली तर आपल्या हातात काय उरेल, हा प्रश्न मी आधी विचारीन. या बाबतीत पॅंडोराचे उदाहरण बोलके आहे. २०१० मध्ये गिऱ्हाइकांच्या हाती पडू लागलेला हा खिशातला लिनक्स संगणक टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या ओमॅप३५३० वर उभा होता, आणि पुढे त्याच परंपरेतील पायरासाठी त्याच घराण्यातला ओमॅप५४३२ निवडला गेला. पण २०१२ मध्येच त्या कंपनीने ओमॅपचा रोख फोन आणि टॅबलेटवरून काढून घेतला होता. म्हणजे पायराचे काम रंगात येईपर्यंत त्या चिपची पुढची पिढी येण्याची आशाच मावळली होती. शिवाय दोन्हींतील पॉवरव्हीआर ग्राफिक्सचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारे सॉफ्टवेअर) बंदिस्त असल्यामुळे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलला की तो ड्रायव्हर जुळवून घेण्याचे काम दरवेळी नव्याने पुढ्यात येई. पायराच्या रचनाकारांनी एक शहाणपणा मात्र केला: प्रोसेसर आणि मेमरी मुख्य बोर्डावर न ठेवता वेगळ्या छोट्या बोर्डावर ठेवली. तुमच्या आराखड्यात ही सोय नसेल तर आजच करून घ्यावी, असे मी सुचवीन.

आता तुमच्या यादीविषयी. आय.एमएक्स ८एम क्वाड लिब्रेम ५ या फोनमध्ये वापरला गेला. त्याच्या व्हिवांटे ग्राफिक्ससाठी एट्नाव्हिव्ह हा मुक्त ड्रायव्हर २०१६ पासून मेनलाइन, म्हणजे अधिकृत मूळ, कर्नलमध्ये आहे, कागदपत्रे मुबलक मिळतात, आणि एनएक्सपी आपल्या दीर्घायू योजनेतील चिप बाजारात आल्यापासून किमान दहा किंवा पंधरा वर्षे पुरवण्याची हमी देते. उणीव अशी की डीडीआर (मुख्य) मेमरी सुरू करताना लागणारे फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारे छोटे सॉफ्टवेअर, बंदिस्त आहे. ते मुख्य प्रोसेसरला हाताळावे लागू नये म्हणून लिब्रेमवाल्यांनी ते काम चिपमधल्याच दुय्यम कोअरकडे (गणना करणाऱ्या भागाकडे) सोपवण्याचा द्राविडी प्राणायाम केला. त्यातच ही चिप २८ नॅनोमीटर तंत्राची आणि मुळात मीडिया उपकरणांसाठी योजलेली असल्यामुळे खिशातल्या यंत्रात ती बॅटरी खाते आणि तापते.

आरके३५६६ या तिघांत सर्वांत वेगवान आहे. माली-जी५२ साठी पॅनफ्रॉस्ट हा मुक्त ड्रायव्हर आहे आणि हातात धरून खेळायच्या कित्येक चिनी कन्सोलमध्ये ही चिप वापरलेली आहे. मेमरी सुरू करणारा तुकडा मात्र याही चिपसाठी रॉकचिप मूळ संहिता न देता तयार बायनरीच्या रूपानेच देते.

एसटीएम३२एमपी१५७ मेमरी सुरू करण्यासाठी असा कोणताही बंदिस्त तुकडा मागत नाही, ग्राफिक्स एट्नाव्हिव्हवर चालते, आणि कागदपत्रांसाठी गोपनीयतेचा करार करावा लागत नाही. दोन कॉर्टेक्स-ए७ कोअर आणि फार तर एक गीगाबाइट मेमरी, एवढीच त्याची झेप आहे. आजचे ब्राउझर त्यावर रखडत चालतील. पण तुम्ही दिलेल्या कामांच्या यादीत ब्राउझर नाहीच, त्यामुळे माझे मत याच चिपला.

सोल्डर (वेर्णा)

वरील विवेचन सॉफ्टवेअरच्या बाजूने योग्य आहे. जुळणीच्या बाजूने थोडी भर घालतो.

दीर्घायू योजनेची हमी म्हणजे चिपचे उत्पादन बंद होणार नाही, एवढेच. ती तुम्हाला हवी तेव्हा मिळेल, असे कोणीही लिहून देत नाही. २०२१-२२ च्या टंचाईत एसटीएम३२ घराण्यातील भाग अधिकृत वितरकांच्या याद्यांतून गायब झाले होते आणि दलालांकडे ते मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकले जात होते. रास्पबेरी पाय तुमच्या यादीत नाही, पण जवळजवळ दहा वर्षे चाललेली किमतीची शिस्त त्यांनाही ऑक्टोबर २०२१ मध्ये मोडावी लागली आणि चार मालिकेतील दोन गीगाबाइटचा बोर्ड ३५ वरून ४५ डॉलरवर न्यावा लागला. मोठे गिऱ्हाईक वर्षभर आधी मागणी नोंदवून ठेवते. तुम्ही रांगेत शेवटी उभे असता. म्हणून दोनशे नगांसाठी लागणाऱ्या चिप, दुरुस्तीसाठी थोड्या जादा धरून, आराखडा पक्का होताच एकदम विकत घ्याव्यात, आणि त्याही अधिकृत वितरकाकडूनच. स्वस्त मिळते म्हणून दलालाकडून घेतलेल्या मालात पुन्हा रंगवलेल्या, जुन्या बोर्डांवरून उपटलेल्या चिप निघतात, आणि असल्या खेपेचा नाद मी कोणालाही लावणार नाही.

विकत घेतलेल्या चिप गोव्यात ठेवायच्या कशा, हा वेगळाच प्रश्न आहे. बीजीए (पाय म्हणून खालच्या बाजूस गोळ्या असलेल्या) चिपच्या पाकिटावर आर्द्रतेची पातळी छापलेली असते. ती तीन असेल तर पाकीट फोडल्यापासून १६८ तासांच्या आत, तेही ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या मर्यादेत, सोल्डरिंग उरकले पाहिजे. ते न झाल्यास चिपने शोषलेल्या ओलाव्याची भट्टीत वाफ होते आणि आवरण आतून उकलते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर उघड्या खोलीत ६० टक्के आर्द्रता हे स्वप्नच आहे. चवथीनंतर जुळणीला देण्याचा बेत त्या दृष्टीने बरा आहे, परंतु ज्यांना काम द्याल त्यांच्याकडे कोरडे कपाट आणि चिप भाजून घेण्याची भट्टी आहे की नाही, ते स्वतः जाऊन पाहावे.

चिपच्या पायांमधील अंतरही पाहा. एसटीएम३२एमपी१५७ हा ०.८ मिलिमीटर अंतराच्या पॅकेजमध्येही (आवरणातही) मिळतो, त्यामुळे पीसीबीवर अतिसूक्ष्म छिद्रांचा खर्च टळतो आणि खुला आराखडा पाहून दुसऱ्या कोणाला तो बनवायचा असेल तर साधा कारखानाही पुरतो. त्याच घराण्यातील लहान पॅकेजचा मोह मात्र टाळा.

वाळपई

एक शंका. आपल्या देशात शक्ती आणि वेगा हे आरआयएससी-व्ही या मुक्त मानकावरचे प्रोसेसर तयार झाले आहेत. मुक्त आणि स्वदेशी संगणक करायचा तर त्यांचा विचार का होऊ नये?

मांडवीतीर (पणजी)

विचार जरूर व्हावा, पण आज लिनक्ससाठी नव्हे. आयआयटी मद्रासच्या शक्तीचे कोअर मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत, परंतु कोअरचा आराखडा मिळणे आणि वितरकाच्या खिडकीतून दोनशे चिप मिळणे यांत मोठे अंतर आहे. सी-डॅकच्या वेगा मालिकेतील थेजस३२ प्रत्यक्ष बोर्डावर मिळतो. तो १०० मेगाहर्ट्झचा, २५६ किलोबाइट मेमरीचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे छोट्या कामांसाठीची चिप, आहे. कळफलक वाचण्याच्या कामासाठी तो पुरेल, संपूर्ण यंत्रासाठी नाही.

स्वदेशीचा विषय निघालाच आहे तर बंगळुरूच्या सिंप्युटरचाही अभ्यास करावा. गरीब आणि निरक्षर माणसाला वापरता यावा म्हणून भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी आणि एन्कोर सॉफ्टवेअरच्या मंडळींनी तो घडवला, आणि त्याच्या हार्डवेअरचे आराखडेही सार्वजनिक परवान्याखाली खुले केले. त्यातला प्रोसेसर मात्र इंटेलचा स्ट्रॉंगआर्म होता. इंटेलने पुढे ती मालिका बाजूला सारून एक्सस्केल आणली आणि २००६ मध्ये एक्सस्केलचा मोबाइल प्रोसेसरचा धंदाही मार्व्हेलला विकून टाकला. सिंप्युटर मागे पडण्याची कारणे अनेक होती, त्यांत किंमत मोठी होती. तरीही खुल्या आराखड्याच्या मध्यभागी बसवलेली चिप दुसऱ्याच्या मर्जीवर असते, ही गोष्ट तिथे स्पष्ट दिसते.

कुळागर (फोंडा)

सर्वांचे मनापासून आभार, देव बरें करूं.

आम्ही एसटीएम३२एमपी१५७ घेण्याचे ठरवीत आहोत, ०.८ मिलिमीटरच्या पॅकेजमध्ये. प्रोसेसर, मेमरी आणि वीज सांभाळणारी चिप वेगळ्या छोट्या बोर्डावर जाईल. यामुळे यंत्राची जाडी थोडी वाढेल, पण उद्या आरके३५६६ चा बोर्ड बनवून तोच कळफलक आणि तोच पडदा वापरण्याची वाट मोकळी राहील. मुख्य बोर्ड आणि छोटा बोर्ड यांच्यामधल्या कनेक्टरची मांडणी आम्ही सर्वांत आधी प्रसिद्ध करू, म्हणजे त्यावर हरकती घेता येतील.

सोल्डर यांना एक विचारायचे होते. या प्रोसेसरबरोबर आम्ही डीडीआर३एल प्रकारची मेमरी वापरणार आहोत आणि मोठ्या कंपन्या ती कमी करीत चालल्या आहेत. विनबाँड किंवा नान्याची मेमरी चालेल काय, आणि तीही प्रोसेसरबरोबरच एकदम घेऊन ठेवावी काय?

सोल्डर (वेर्णा)

दोन्हींची चालेल; पायांची रचना प्रमाणित आहे. तरी बोर्डाचा पहिला नमुना दोन्ही कंपन्यांच्या मेमरीवर वेगवेगळा चालवून, वेळेची मूल्ये दोन्हींसाठी नोंदवून ठेवा. मेमरी प्रोसेसरबरोबरच घ्या, आणि पाकिटे वापरण्याच्या दिवसापर्यंत फोडू नका.