सोनोग्राफी ट्रॉलीचा कन्सोल हवा तिथे थांबतच नाही, गॅस स्प्रिंग बदलू की सगळी यंत्रणाच?

ट्रॉलीची_खटपट

नमस्कार मंडळी. आम्ही तिघंजण सोनोग्राफी मशीनसाठी ट्रॉली बनवतोय. मशीन दुसऱ्यांचं, आमच्याकडे खालचा सांगाडा, चाकं, कन्सोल (बटणांचं पॅनेल) वरखाली करायची सोय आणि मॉनिटरचा आर्म एवढंच. दोन महिने एकाच ठिकाणी अडकलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कन्सोल आणि मॉनिटर मिळून १४ किलो, उभ्या स्लाइडवर २५० मिमी वरखाली होतं, मागे एकच गॅस स्प्रिंग (दाबलेला गॅस भरलेलं नळकांडं, जे आतला रॉड बाहेर ढकलतं) आहे, रॉड बाहेर आला की कन्सोल वर जातो. आधी १२० न्यूटनची लावली होती, तर कन्सोल अगदी वर नेऊन सोडला की हळूहळू खाली उतरायचा. म्हटलं कमी पडतेय, म्हणून १५० ची लावली. आता वर छान थांबतो पण खाली दाबून हात काढला की उसळून वर येतो, परवा आमच्यातल्या एकाच्या हनुवटीला लागता लागता राहिला. शिवाय सकाळी गार खोलीत एक वागणं आणि दुपारी दुसरंच, त्यामुळे मला वाटतंय हा सगळा तापमानाचा घोळ आहे.

दुसरं म्हणजे मॉनिटरचा आर्म. त्याच्या जॉइंटमध्ये नुसते वॉशर आणि नट आहेत, नट आवळला की थांबतो पण मग हलवायला दोन्ही हात लागतात, थोडा सैल केला की तासाभरात मान टाकतो. आणि मॉनिटर बाजूला पूर्ण बाहेर काढला की पलीकडची चाकं हलकी झाल्यासारखी वाटतात, ते वेगळंच टेन्शन.

सरळ मोटरवाला ॲक्च्युएटर (मोटरने लांब-आखूड होणारा दांडा) घालून मोकळं व्हावं का? की स्प्रिंगवरच नीट होईल? ज्यांनी असं काही बनवलंय किंवा दुरुस्त केलंय त्यांनी प्लीज सांगा.

स्प्रिंग_आणि_स्क्रू

तापमान नाही हो, किंवा थोडंसंच आहे. आधी हिशोब बघा. १४ किलो म्हणजे साधारण १३७ न्यूटन. गॅस स्प्रिंगवर छापलेला आकडा हा रॉड जवळजवळ पूर्ण बाहेर असतानाचा जोर असतो, म्हणजे तुमचा कन्सोल वर असतानाचा. आत नायट्रोजन दाबून भरलेला असतो, रॉड आत गेला की तेवढी जागा रॉड खातो आणि दाब वाढतो, त्यामुळे खाली दाबत जाल तसा जोर वाढत जातो. पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर यांच्या जोराचं गुणोत्तर म्हणजे के फॅक्टर, नेहमीच्या स्प्रिंगांमध्ये तो १.३ च्या आसपास मिळतो.

आता तुमची १२० वाली घ्या. वर १२०, खाली १५६. वर १७ न्यूटन कमी पडतात म्हणून उतरते, आणि खाली १९ जास्त होतात म्हणजे खाली नेली असती तर तीही वर आली असती, तुम्ही बहुतेक तिथवर पोचलाच नाहीत. १५० ची लावल्यावर वर १५० पण खाली १९५, म्हणजे तब्बल ५८ न्यूटन जास्त, मग उसळणारच. खरं तर १२० चीच बरोबर होती, मधल्या उंचीला ती जवळजवळ अचूक तोलते. तुम्ही बिचारीला उगाच काढलीत.

तापमानाचं म्हणाल तर दर १० अंशांना जोर साधारण साडेतीन टक्क्यांनी बदलतो. तुमच्या खोलीत समजा १२ अंशांचा फरक पडत असेल तर ५ न्यूटन. के फॅक्टरमुळे पडणारा फरक ३६ चा आहे. कुठे ५ आणि कुठे ३६.

आता एक काम करा, बॅगा तोलायचा हुकाचा काटा घ्या, कन्सोलच्या मधोमध अडकवा आणि तीन उंचींवर वर ओढायला किती लागतं, खाली ओढायला किती लागतं ते लिहा. दोन्हींची बेरीज करून निम्मी केली की घर्षण मिळतं, वजाबाकी करून निम्मी केली की समतोलातला फरक मिळतो. हे दोन आकडे वेगळे कळल्याशिवाय कुठलीही स्प्रिंग मागवू नका, नाहीतर अंदाजपंचे काम चालूच राहील. आर्मबद्दल रात्री लिहितो.

दुरुस्तीची_बॅग

मी दवाखान्यांमध्ये मशीन दुरुस्तीचं काम करतो, सोनोग्राफी, फिरता एक्सरे, सी-आर्म (ऑपरेशनच्या वेळी वापरायचं एक्सरे मशीन) सगळंच बघतो, त्यामुळे चार वर्षांनी या यंत्रणांचं काय होतं ते माझ्या वाट्याला येतं. वरच्यांनी हिशोब बरोबर सांगितलाय, मी फक्त हाताला काय लागतं ते सांगतो.

गॅस स्प्रिंग बसवताना शक्यतो रॉड खालच्या बाजूला ठेवा, आतलं थोडं तेल सीलवर राहतं आणि सील टिकतं. उलटी लावलेली लवकर मरते. दोन्ही टोकांना बॉल जॉइंट द्या, रॉडवर आडवा जोर आला की सील एका बाजूने झिजतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गॅस स्प्रिंगचा जोर वर्षागणिक कमी होतोच, म्हणून ती बदलायला कव्हरचे चार स्क्रू काढून पोचता आलं पाहिजे. मी एक ट्रॉली बघितलीय जिच्यात एक स्प्रिंग बदलायला अख्खा कन्सोल उतरवावा लागतो, दोन माणसं आणि अर्धा दिवस.

आर्मबद्दल कळकळीने एक सांगतो. स्प्रिंगवर तोललेला आर्म असेल तर मॉनिटर काढायच्या आधी आर्म लॉक करता आला पाहिजे. मी एकदा घाईत मॉनिटरचे चार स्क्रू काढले, वजन गेलं आणि आर्म असा वर आला की माझ्या उजव्या हाताची दोन बोटं दांड्यांच्या मधे सापडली, तीन आठवडे पाना धरता येत नव्हता. तेव्हापासून कुठलाही आर्म उघडायच्या आधी मी तो पूर्ण वरच्या टोकाला नेतो, तिथे स्प्रिंगचा ताण सगळ्यात कमी असतो. तुम्ही बनवताय तर तिथेच एक पिन घालायचं भोक ठेवा. आणि हलणाऱ्या दोन भागांमधली फट बोट जाणार नाही इतकी लहान, म्हणजे ८ मिमीच्या आत, नाहीतर बोट अडकून दाबलं जाणार नाही इतकी मोठी, २५ मिमीच्या वर ठेवा, मधलं काही नको.

मोटरचं म्हणाल तर स्क्रूवाला ॲक्च्युएटर वीज गेली तरी जागेवर राहतो आणि आपोआप वर किंवा खाली सरकण्याचा प्रश्नच उरत नाही, ते चांगलं. पण प्लग काढून वॉर्डात नेलेल्या ट्रॉलीला बॅटरी लागते, वाटेत हात किंवा पलंगाचा कठडा आला तर थांबायची सोय लागते, आणि सलग चालवत राहिलात तर मोटर तापते, बऱ्याच ॲक्च्युएटरना २ मिनिटं चालवून १८ मिनिटं विश्रांती असा हिशोब असतो. तुमच्या १४ किलोंसाठी मी तरी स्प्रिंगच पसंत करीन.

प्रोब_हातात

मी रोज सोनोग्राफी करते, मेकॅनिकल काही कळत नाही पण वापरणाऱ्यांच्या बाजूने लिहावंसं वाटलं.

आमचा एक हात पेशंटवर प्रोब (अंगावर फिरवायचा सोनोग्राफीचा सेन्सर) धरून असतो, तो काढता येत नाही, काढला तर सापडलेलं दृश्य जातं. म्हणजे कन्सोल असो की मॉनिटर, सगळं एका हाताने आणि बसल्या जागेवरून हललं पाहिजे. दोन हात लागणारा आर्म म्हणजे आमच्यासाठी न हलणारा आर्म, मग मॉनिटर आहे तिथेच राहतो आणि आम्ही मान वळवतो. दिवसभर. माझा उजवा खांदा दोन वर्षं दुखतोय, आणि या कामातल्या माझ्या ओळखीच्या बहुतेकांचं मान, खांदा, मनगट यापैकी काहीतरी दुखतंच. आम्हाला शिकवलेलं असतं की दंड शरीरापासून ३० अंशांपेक्षा जास्त उघडा राहू नये आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडी खाली असावी, पण ट्रॉलीने साथ दिली तरच ते पाळता येतं.

म्हणून एक विनंती, कन्सोलची उंची आणि मॉनिटरची उंची एकमेकांना बांधू नका. बुटकी व्यक्ती उभी राहून स्कॅन करते तेव्हा कन्सोल वर हवा असतो पण मॉनिटर तेवढा वर नको असतो. आणि कन्सोल वरखाली होण्याइतकंच त्याचं जवळ येणं आणि फिरणं गरजेचं आहे, आयसीयूमध्ये पलंगाच्या बाजूला व्हेंटिलेटर असतो, ट्रॉली तिरकी लावावी लागते, तेव्हा कन्सोल माझ्याकडे वळला नाही तर मी कमरेतून वळते. लॉक उघडायचं बटण हँडलच्या खालीच द्या, ग्लोव्ह आणि जेल लागलेल्या बोटांनी दाबता येईल असं मोठं.

ट्रॉलीची_खटपट

डॉक्टर, खूप आभार, उंची वेगवेगळी हवी हे आमच्या डोक्यातच नव्हतं, आमचा मॉनिटर कन्सोलवरच उभा आहे, त्यामुळे आता आर्मला स्वतःची खालीवर हालचाल द्यावीच लागणार.

१२० ची स्प्रिंग परत लावून मोजलं. मधल्या उंचीला वर ओढायला १३ न्यूटन, खाली ओढायला ११. वरच्या टोकाला अजून वर ढकलायला २९ आणि नुसता धरून ठेवायला ५. खालच्या टोकाला वर येऊ नये म्हणून ७ ने दाबून ठेवावं लागतं. म्हणजे घर्षण १२ आणि दोन्ही टोकांना फरक १७ आणि १९, अगदी तुम्ही म्हणालात तसंच! एक विचित्र गोष्ट मात्र दिसली, कन्सोल मधोमध न धरता कोपऱ्याला धरून ओढला की काटा एकदम २५ च्या वर जातो.

स्प्रिंग_आणि_स्क्रू

वा, आकडे सुंदर जुळले. कोपऱ्याचं कारण म्हणजे कन्सोल तिरका होऊन स्लाइड आवळली जातेय. दोन बेअरिंगमधलं उभं अंतर वाढवा. आमच्याकडे साध्या बुशसाठी (गोळ्या नसलेल्या, घसरत चालणाऱ्या बेअरिंगसाठी) नियम असा की जोर स्लाइडपासून जितका लांब लागतो त्याच्या निम्म्याहून कमी अंतर बेअरिंगमध्ये ठेवायचं नाही. लोक कोपऱ्यालाच धरणार आहेत, त्यांना मधोमध धरा असं सांगून उपयोग नाही.

स्प्रिंग निवडायची तर के फॅक्टर कमी असलेली घ्या. नळकांडं जाड आणि रॉड बारीक असला की आतल्या गॅसच्या मानाने रॉड कमी जागा खातो आणि के १.१ पर्यंत येतो. मग १३० ची घेतलीत तर वर १३० आणि खाली १४३, दोन्हीकडे फरक ६-७ चा, तो तुमच्या १२ च्या घर्षणात सहज जिरतो. पण त्यात तापमानाचे ५ आणि कोणी जेलची बाटली, दोन जास्तीचे प्रोब टांगले की त्याचे ५ मिळवा, झाले १७, घर्षणाच्या वर. म्हणून स्प्रिंग लॉक होणारीच घ्या, हँडलखालच्या लिव्हरने केबल ओढली की आतला व्हॉल्व्ह उघडतो, सोडली की बंद. समतोल आधी बरोबर करायचा आणि लॉक त्याच्यावर, उलटं नाही. नुसतं लॉकच्या भरवशावर ठेवलं तर लिव्हर दाबताच सगळं वजन डॉक्टरांच्या मनगटावर येईल.

आता आर्म. तुमचं दुखणं एवढंच की वजन तोलायचं काम तुम्ही घर्षणाला दिलंय. घर्षणाने फक्त थरथर थांबवायची, वजन स्प्रिंगने घ्यायचं. समांतर दांड्यांचा आर्म करा म्हणजे वरखाली होताना पडदा सरळ राहतो, आणि आत एक स्प्रिंग, जिचं एक टोक खांद्याच्या बिजागरीच्या बरोबर वर आणि दुसरं टोक दांड्यावर. ही कल्पना जुनी आहे, जॉर्ज कारवर्डाइन या गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करणाऱ्या इंग्लिश इंजिनिअरने १९३२ मध्ये असल्या तोललेल्या आर्मचं पेटंट घेतलं आणि त्यातूनच तो प्रसिद्ध अँगलपॉइज दिवा आला.

गणित फार गोड आहे. स्प्रिंग अशी बसवली की तिचा जोर दोन टोकांमधल्या पूर्ण अंतराच्या प्रमाणात राहील (स्प्रिंग दांड्यात लपवून दोरी पुलीवरून घेतली की हे जमतं), तर आर्म कुठल्याही कोनात तोललेला राहतो. समजा मॉनिटर ६ किलो, आर्म ४०० मिमी, स्प्रिंगचं टोक बिजागरीच्या ४० मिमी वर आणि दांड्यावर १०० मिमीवर. लागणारी स्प्रिंग दर मिलिमीटरला ५.९ न्यूटनची. उद्या ४.५ किलोचा मॉनिटर आला तर स्प्रिंग बदलायची नाही, ते ४० मिमीचं टोक स्क्रूने ३० वर आणायचं, बस. तेवढा एक ॲलन स्क्रू बाहेरून पोचेल असा ठेवा. दांड्याचं स्वतःचं निम्मं वजन मात्र मॉनिटरमध्ये धरायला विसरू नका.

जॉइंटला ॲसिटलचे (एक कडक प्लास्टिक) वॉशर आणि त्यांच्याखाली वाटीसारखे स्प्रिंग वॉशर घाला. प्लास्टिक दाबाखाली हळूहळू बसत जातं, नुसता नट असेल तर तेवढ्याने सैल पडतो, वाटीचा वॉशर ती कसर भरून काढतो.

दुरुस्तीची_बॅग

आणि केबल विसरू नका. मॉनिटरची जाड केबल स्वतःच एक स्प्रिंग असते, कोपरापाशी ताणून बांधली तर आर्मला एका बाजूला खेचत राहते आणि तुम्ही जॉइंटला दोष देत बसता. आर्म हलवला की चित्र जातं अशा तक्रारींमध्ये मला बहुतेक वेळा कोपरातली केबलच तुटलेली सापडते. प्रत्येक जॉइंटला मोकळा वळसा द्या.

चाकं हलकी होण्याचं हसण्यावारी नेऊ नका. आयईसी ६०६०१-१ (वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे वापरातल्या कुठल्याही स्थितीत ५ अंश तिरक्या पृष्ठभागावर ट्रॉली पडता कामा नये आणि नेण्याच्या स्थितीत १० अंशांवर. चाचणी करताना चाकं आतल्या बाजूला वळवून करा, फिरणारं चाक आत वळलं की टेकण्याची जागा आत सरकते आणि पाया कागदावरच्यापेक्षा अरुंद होतो. आर्म बाहेर किती जाईल त्याला स्टॉपर घाला आणि नेताना मॉनिटर मधोमध खटकन अडकेल अशी खाच द्या, लिफ्टच्या उंबऱ्यावर बसणारा दणका सगळा आर्मच्या मुळाशी जातो.

ट्रॉलीची_खटपट

१.१ ची लॉकवाली स्प्रिंग मागवतोय, बेअरिंगमधलं अंतर १२० चं २०० मिमी करतोय. पाया आज चाकं आत वळवून मोजला, दोन्ही बाजूंना मिळून ६० मिमी कमी भरला, त्यामुळे आर्मला स्टॉपर आधी, बाकी सगळं नंतर. डॉक्टर, लिव्हरचा लाकडी नमुना झाला की मापं इथे टाकतो, ग्लोव्ह घालून दाबायला किती मोठी हवी ते तेवढं सांगा.

प्रोब_हातात

नक्की. आणि डाव्या हाताने दाबून बघायला सांगा सगळ्यांना, आमचा मोकळा हात बहुतेक वेळा तोच असतो.