सुवार्ता सांगा, पण समोरच्याच्या देव्हाऱ्यावर पाय देऊन कशाला?

नगरचा_दादू
स्पष्टच लिहितो. मी ख्रिस्ती, आमची तिसरी पिढी, सुवार्ता, म्हणजे येशूची शुभवार्ता, सांगणं आपलं काम आहे असं मानणारा. पण आपल्यातलेच काही जण जी पत्रकं वाटतात ना, पहिल्या ओळीत समोरच्याचा देव दगड आणि दुसऱ्या ओळीत तो स्वतः नरकात, ती बघून मलाच लाज वाटते. वारीच्या दिवसांत असलं पत्रक माळकऱ्याच्या हातात देऊन नेमकं काय साधायचं असतं? अथेन्स मूर्तींनी भरलेलं बघून येशूचा प्रेषित पौल याच्या जिवाची तगमग झाली होती, बायबलात प्रेषितांची कृत्ये १७ मधे आहे सगळं, तरी भाषणाला उभा राहिल्यावर त्यानं सुरुवात केली ती तुम्ही फार धर्मशील लोक आहात म्हणून, त्यांच्याच 'अज्ञात देवा'च्या वेदीवरून विषय काढला, त्यांच्याच कवीची ओळ सांगितली. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला पण तुकोबा सोडले नाहीत, उलट तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगायचे, त्यांची भजनं आजही आमच्या उपासनेत आहेत. ख्रिस्त वधस्तंभावर मेला या संदेशाचं अडखळण कुणाला होत असेल तर होऊ दे, आपल्या उद्धटपणाचं होऊ नये. घाला आता शिव्या.

एकांडा_शिलेदार
शिव्या नाही घालत, पण पत्रकवाला परवडला राव. तो निदान पोटातलं ओठावर आणतो. तुमचा गोड मार्ग जास्त खटकतो, अभंग आमचे, कीर्तन आमचं, ओवी आमची आणि शेवटी निघतं काय तर मार्ग एकच आणि तो तुमचा. गोव्यातल्या साष्टीत राहिलेल्या फादर स्टीफन्सचं मराठी ओव्यांतलं क्रिस्तपुराण १६१६ चं, त्यात मराठीचं कौतुक काय सुंदर केलंय, मान्य. पण त्याच साष्टीत त्याआधी पन्नासेक वर्षं देवळं पाडली होती पोर्तुगीजांनी. बाहेर ते आणि आत ओव्या, मग आमचा विश्वास कसा बसणार?

साक्षीदार_७७
दादू, अथेन्सचं अर्धंच सांगितलंत. मेलेल्यांतून उठण्याचा विषय निघाला तसे लोक थट्टा करायला लागले, तिथं पौलानं विषय बदलला का? इफिसात तर देवीचे रुप्याचे देव्हारे करणाऱ्या सोनारांनी दंगल केली. कुणाला वाईट वाटेल म्हणून कापत कापत गेलं की शेवटी 'चांगलं वागा' एवढंच उरतं, ते सांगायला ख्रिस्त कशाला लागतो. माझे वडील दारूत बुडालेले, सगळे त्यांच्याशी जपून बोलायचे, एका माणसानं तोंडावर सांगितलं की तू पापात मरतोयस. त्या दिवशी रागावले, पण बदलले त्याच्याचमुळे.

नगरचा_दादू
@साक्षीदार, तो माणूस नंतर तुमच्या घरी येत राहिला असेल ना? पत्रकवाला येतो का? फरक तिथं आहे. @एकांडा, साष्टीचं खरं आहे, झाकायचं कारण नाही. पण म्हणून टिळकांना त्याच पंगतीत बसवू नका, त्यांच्यामागे कुठलं सैन्य होतं? १९१७ ला मिशनचा पगारसुद्धा सोडला, 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली.

माजघर
टिळक टिळक काय लावलंय, त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना विचारा की. त्यांचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे वाचा. नवऱ्यानं घरात न सांगता बाप्तिस्मा घेतला, बाई काही वर्षं वेगळी राहिली, तिनं काय काय सोसलं. बाहेरच्यांना न दुखावता सांगायचं म्हणता, पण घरातल्या माणसाला लागतं त्याचं काय? पुढे १९०० ला तिनंही बाप्तिस्मा घेतला पण स्वतःचं स्वतः ठरवून, आणि जातपात डोक्यातून गेल्यावर. मला विचाराल तर पटवण्यात ती टिळकांपेक्षा भारी, कारण ती उपदेश करत नाही, हसवत हसवत सांगते.

वसईचा_कुपारी
आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही बघा. नाताळात शेजारी येशूजन्माचा गोठा बघायला येतात, गणपतीत आम्ही जातो, दारोदार कुणी फिरत नाही. फादर दिब्रिटोंनी किती वर्षं 'सुवार्ता' मासिक चालवलं, हरित वसईच्या पर्यावरण चळवळीत उभे राहिले, संतसाहित्यावर बोलायचे. तरी २०२० ला उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा फादर कशाला म्हणून विरोध झालाच. म्हणजे तोंड मिटून बसलात तरी ज्याला राग यायचा त्याला येणारच.

साक्षीदार_७७
तेच तर म्हणतोय मी!!

एकांडा_शिलेदार
वसईकरांशी भांडण नाहीच. पण कायदा बघा, १९७७ ला सुप्रीम कोर्टानं स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलंय, घटनेच्या कलम २५ मधे धर्माचा प्रसार करायचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करायचा नाही.

नगरचा_दादू
हो, आणि प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं सांगणं हे त्याच निकालात आहे, ते विसरू नका. १८५७ मधे मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी समोरासमोर वाद घालत होते, गर्दी ऐकायला जमायची. मला तसं चालेल, तुम्ही माझ्या धर्मावर प्रश्न विचारा, मी उत्तर देतो.

शीतल_म
वाद घालायला किनाऱ्यावर जाणारे धडधाकट असतात. माझी आई आयसीयूत होती, ओळखीच्या एक बाई आल्या, प्रार्थना करू का विचारलं, मी हो म्हटलं, बरं वाटलं खरं तर. जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं, घरातले देव काढा म्हणजे उतार पडेल. आई गेल्यावर कितीतरी दिवस डोक्यात तेच, देव काढले असते तर? पौल, टिळक, कोर्ट सगळं ठीक आहे, या बाईंना तुमच्यातलं कोण सांगणार?

नगरचा_दादू
शीतलताई, हे वाचून सुन्न झालो. असली अट येशूनं कुठल्याच आजाऱ्याला घातलेली नाही. आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, एक गट दवाखान्यात जातो, तुमची हरकत नसेल तर नाव न घेता त्यांना हे वाचून दाखवतो. विचारल्याशिवाय प्रार्थना नाही आणि प्रार्थनेनंतर अट नाही, एवढं तरी पाळता येईल.

साक्षीदार_७७
ती बाई चुकलीच, त्यात वाद नाही. आजाऱ्याशी सौदा करायचा नसतो. पण दादू, पेशंटनं स्वतःहून विचारलं की तुम्ही हे सगळं कुणासाठी करता, तर तुमचा गट काय सांगणार तेही ठरवून ठेवा.

नगरचा_दादू
येशूचं नाव सांगणार की, त्यात ठरवायचं काय.

एकांडा_शिलेदार
पेशंटनं विचारलं तरच ना? मग हरकत नाही. पत्रक मात्र घरीच ठेवून जा.