मदत हवी आहे: तीन मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म, संवाद नाहीत, प्रतीक धोट्याचं

नमस्कार मंडळी. बेळगावच्या वडगावातून लिहितोय. मी आणि माझी मावसबहीण एक छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म करायच्या खटपटीत आहोत. चित्रं ती काढते, बाकी सगळं माझ्या गळ्यात.

विणकराच्या घरातली सात-आठ वर्षांची मुलगी. वडील यंत्रमाग चालवतात, आई कांड्या भरते, म्हणजे छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळते. वडील जातात, पुढे माग भंगारात जातो. रडारड दाखवायची नाही. एवढंच दाखवायचं की मुलीला आता झोप लागत नाही. मागाला लागून घर असलेल्यांना हे लगेच कळेल. आमच्याकडे पोरं खडखडाटात गाढ झोपतात आणि रात्री लाइट जाऊन माग थांबले की दचकून उठतात. बाहेरच्या माणसाला हे उलटंच वाटणार. तिथे अडलोय.

प्रतीक म्हणून धोटा घेतलाय (मागात आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो), मुलीच्या उशाशी राहिलेला. बहीण म्हणते, तुटलेला धागा दाखव. मला नको. ते इतक्यांनी करून झालंय की प्रेक्षक पुढचं आधीच ओळखतो.

संवाद ठेवले नाहीत, कारण गल्लीत कन्नड आणि मराठी दोन्ही घरं आहेत आणि फिल्म दोघांना दाखवायचीय. (ओठ हलवायचं काम वाचतं, हेही आहेच.)

चित्रं साधारण किती लागतील? ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ब्लेंडर (अ‍ॅनिमेशनचं फुकट सॉफ्टवेअर) झेपेल का? आणि ती झोपेची गोष्ट पोचवायची कशी?

प्रतिसाद

दादा, आधी हिशेब. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तर १२ चित्रं. तीन मिनिटांची झाली २१६०. ताईंचे हात मोडतील. झोपलेली मुलगी, बसलेली आई हे शॉट कटआउटनं करा. डोकं, हात वेगळे तुकडे, तेवढेच हलवायचे. ब्लेंडरमधली ग्रीस पेन्सिल, म्हणजे हातानं चित्रं काढायची सोय, साध्या टूडी कामाला ८ जीबीत चालते. जड वाटलं तर ओपनटून्झ, तेही फुकट.

धोट्याबद्दल: यंत्रमागावर तो मिनिटाला शंभराच्या वर फेऱ्या मारतो, डोळ्याला नुसती रेघ दिसते. म्हणून चालता धोटा काढायच्या भानगडीत पडू नका, ते काम आवाजाला द्या. सुरुवातीलाच एकदा लाइट घालवा. खडखड बंद, मुलगी उठून बसते, बाप पुठ्ठ्यानं वारा घालतो. लाइट येते, माग सुरू, ती आडवी. प्रेक्षकाला नियम कळला. पुढे माग गेल्यावर तीच जागा, तेच अंथरूण, पण खडखड नाही. समजावायला काही उरत नाही.

आवाज आधी रेकॉर्ड करा, त्यावर स्टोरीबोर्डची चित्रं वेळेप्रमाणे बसवून अ‍ॅनिमॅटिक करा आणि ज्यानं माग कधी पाहिला नाही अशा कुणाला तरी दाखवा. रंगाला त्यानंतरच हात घाला.

धागाकर्ता (मूळ प्रश्न विचारणारा)

लाइटचा शॉट घेतला, आभार! पण नवीच पंचाईत झालीय. गल्लीतले बाकीचे माग चालूच राहणार ना, मग घरात शांतता कशी दाखवू? घरचा माग आणि भिंतीपलीकडचा माग कानाला वेगळे वाटतील असं रेकॉर्डिंग साध्या मोबाइलवर जमेल का? कुणी केलं असेल तर सांगा.