संग्रहालयातली युद्धपदकं आणि वर्दी बनावट वाटतायत, खात्री कशी करायची? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

एका छोट्या संग्रहालयात वस्तूंच्या नोंदी नीट लावायच्या कामात मी मदत करतेय (नाव मुद्दाम देत नाही) आणि महायुद्धांच्या दालनातल्या काही वस्तूंबद्दल मला जाम शंका यायला लागलीये. इथे पदकं, जुने कपडे, धातू यातले जाणकार आहेत म्हणून विचारते.

सगळ्यात जास्त छळतंय ते पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश वॉर मेडल. सहसा चांदीचं असतं, व्यास ३६ मिमी, आणि कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण असं सगळं ठशांनी ठोकलेलं असतं. आमच्याकडच्या पदकावर अक्षरं ठोकलेली नाहीयेत, हाताने कोरलेली वाटतात, भिंगातून बघितलं तर प्रत्येक रेघेच्या टोकाला बारीक ओरखडा सुटलेला दिसतो. शिवाय व्हर्नियरने वेगवेगळ्या ठिकाणी मोजलं तर नावाच्या बाजूला व्यास कमी भरतो, बोट फिरवलं तरी तिथे कड जरा चपटी लागते. म्हणजे पदक खरंच असावं, पण मूळ नाव घासून काढून दुसरं घातलंय असा माझा अंदाज आहे. अख्खं नकली पदक असतं तर एवढं लागलं नसतं, पण इथे जो माणूस खरंच लढला त्याचंच नाव गेलंय.

ब्रिटनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये या पदकांच्या याद्या आहेत हे माहितीये, पण आत्ता कडेवर असलेलं नाव तिथे सापडलं तरी सिद्ध काय होणार? घालणाऱ्यानेही यादी बघूनच घातलं असेल ना? घासलेल्या अक्षरांचा काही माग धातूला इजा न करता काढता येतो का?

दुसरी वस्तू दुसऱ्या महायुद्धातली जर्मन वर्दी. यूव्ही टॉर्च मारली तर शिलाईचा दोरा निळसर पांढरा चमकतो. आता नुसतं चमकणं हा बनावटीचा पुरावा नाही, जुना खरा कपडा नंतर कोणी आजच्या डिटर्जंटमध्ये धुतला तरी तो चमकतो, पण इथे अस्तराच्या आत दुमडलेल्या शिवणीतला दोराही तसाच चमकतोय आणि कापड मात्र अजिबात नाही, त्यामुळे दोरा पॉलिस्टरचा असेल असं वाटतं. पॉलिस्टरचं पेटंटच १९४१ चं, बाजारात आलं युद्धानंतर. की वर्दी खरी आणि कोणीतरी नंतर उसवून परत शिवली?

१९८३ मधल्या हिटलरच्या बनावट डायऱ्या अशाच पकडल्या गेल्या होत्या, जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराच्या तपासणीत कागदात युद्धानंतरचं चमक आणणारं रसायन आणि बांधणीत पॉलिस्टरचा दोरा सापडला. त्या लिहिणारा कोनराड कुयाऊ आधी लष्करी वस्तूच विकायचा, खोटी प्रमाणपत्रं जोडून. म्हणून वर्दीसोबत आलेल्या टाइप केलेल्या पत्रावरही माझा विश्वास बसत नाहीये.

आयर्न क्रॉस हे जर्मन लष्करी पदकही आहे एक, चुंबकाला चिकटत नाही, पण लोखंडी गाभा नसलेले काही खरेही होते म्हणे, त्यामुळे त्यावर आत्ता काही बोलत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. व्यवस्थापनाला सांगितलं तर म्हणाले की देणाऱ्या कुटुंबाने श्रद्धेने दिलंय, त्यांना वाईट वाटेल, राहू दे. मला ते पटत नाही. कुटुंबाची फसवणूक आधी कोणीतरी केलीये, आता तीच आपण काचेमागे ठेवून शाळेतल्या पोरांना दाखवतोय. आयकॉमच्या (संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय परिषद) आचारसंहितेत तर प्रतिकृतींवर कायमची खूण असावी आणि प्रदर्शनातली माहिती अचूक असावी असं स्पष्ट आहे. वस्तू काढून टाका असं मी म्हणतच नाहीये, निदान लेबल तरी बदला.

तर विचारायचंय ते हे: हातात धरायच्या एक्सआरएफ यंत्राने (क्ष-किरणांनी धातूतले घटक ओळखणारं) पदकाची तपासणी करून उपयोग होईल का, ते फक्त वरचा थर बघतं ना? वर्दीचा सुटा धागा तपासायला द्यायचा तर परवानगी कोणाची, संग्रहालयाची की कुटुंबाचीही? आणि तपासणी होईपर्यंत लेबलवर नेमकं काय लिहावं, कोणी असं लेबल लिहिलं असेल तर मजकूर द्याल का?

कडेचे भिंगातून काढलेले फोटो हवे असतील तर टाकते, फक्त नाव झाकून.