लाईनच्या गाडीवर गेलो तर घरी किती येतील?

ए-302:
नमस्कार मंडळी. सोसायटीच्या कामाचं नाही, पण इथे माहीतगार माणसं आहेत म्हणून विचारतो. माझं वय 36. जुलै 2021 च्या पुरात चिपळूण बाजारातलं आमचं मोबाईलचं दुकान गेलं. तेव्हापासून हार्डवेअरच्या दुकानात 16,000 वर आहे, कर्जाचा हप्ता चालूच आहे. ओळखीचा एक एजंट म्हणतो, ट्रकवर ये, लाईनला म्हणजे लांबच्या फेऱ्यांना महिना 35,000 सुटतात. खरंच सुटतात का? नवीन माणसाला धरून सांगा.

सी-401:
अमेरिकेत ट्रकवाले वर्षाला लाख डॉलर कमावतात असा व्हिडिओ आलाय मला. टाकतो थांबा.

डी-201:
काका, व्हिडिओ राहू दे. तिथल्या सरकारचा मे 2024 चा आकडा आहे, मोठ्या ट्रकवाल्यांची मधली कमाई वर्षाला 57,440 डॉलर. म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी. पैसे बहुतेक करून मैलावर, गाडी उभी असली की मीटर बंद. आणि सलग 10 तास सुट्टी घेतल्यावर 11 तासच स्टिअरिंग धरायचं असा कायदा आहे. दादाला खेड-चिपळूणचा भाव हवाय, तो सांगा कोणीतरी.

ए-302:
हो, मला इथलंच सांगा.

बी-104:
आता जेवून बसलोय, लिहितो. मोठं होईल.
मी 22 वर्षं लाईनला काढली, त्यातली शेवटची 9 वर्षं दहा टायरच्या ट्रकवर. 35,000 घेणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. केमिकलच्या टँकरवर असतात, 10-15 वर्षांचा हात असतो आणि महिन्यातून 4 दिवस घरी असतात. नव्या माणसाला मालक पहिल्या दिवशी चावी देत नाही, आणि देऊही नये. भरलेली गाडी घेऊन भोस्ते घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतरायचं असतं. ब्रेकवर उतरवणाऱ्याचे लायनर तापून वास सुटतो आणि खाली वळणावर पाय दाबूनही गाडी ऐकत नाही. हे कळेपर्यंत सहा-आठ महिने जोडीला बसावं लागतं. ते दिवस सेकंड ड्रायव्हरच्या पगारावर जातात.

माझा पुतण्या दोन वर्षांपूर्वी असाच दुसरं काम सोडून आला. मी त्याला वही घालून दिली होती, रोजचं रोज लिही म्हणून. ती आत्ता समोर आहे, पानांना अजून डिझेलचा वास येतो. त्याला मालकाने तोंडी 25,000 सांगितले होते. गाडी स्वतःच्या हाताखाली आल्यावरचा पहिला महिना वाचून दाखवतो.
पगार 13,000. भत्ता दिवसाला 350 प्रमाणे 26 दिवसांचा 9,100. झाले 22,100. इथे पोरगं खूश.
आता खाली ये. दोन वेळचं जेवण, चहा, नाश्ता मिळून दिवसाला 250, त्याचे 6,500 गेले. आंघोळ, पार्किंग, फोन 600. डिझेलचा हिशेब बसला नाही म्हणून 900 कापले. घरी आले 14,100.
तू आज 16,000 वर आहेस आणि रात्री घरच्या अंथरुणावर झोपतोस. पहिल्या वर्षी तू मागे जाणार आहेस, पुढे नाही. हे धरून चाल.

सी-401:
मग 35,000 कुठून आले?

बी-104:
ट्रिपला निघताना हातात खर्ची देतात ना, डिझेल, वाराई म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, पंक्चर, ताडपत्री बांधायला माणूस, त्यासाठी. खिशात 15-20 हजार असले की माणसाला वाटतं आपण कमावतोय. एजंटही त्यातलेच आकडे मिसळून सांगतो. खर्ची मालकाची. परत आल्यावर पावतीला पावती लावून हिशेब द्यायचा, आणि ज्याची पावती हरवली ते तुझ्या पगारातून. पुतण्याच्या 900 मागे हेच होतं, पंपावरची एक चिठ्ठी पावसात भिजून गेली होती.

दुसरी गोष्ट दिवसांची. एजंट सांगेल, खेडजवळच्या लोटे एमआयडीसीतून गुजरातेत अंकलेश्वर साडेपाचशे किलोमीटर, दीड दिवसात जाऊन पोचशील, महिन्याला दहा फेऱ्या. मालासोबत जे ई-वे बिल लागतं, त्याच्या मुदतीला सरकार स्वतः दिवसाला 200 किलोमीटर धरतं, यावरून समज. लोटेत माल भरायला एक दिवस, तिकडे उतरवायला कधी दोन दिवस, मग परतीचं भाडं लागेपर्यंत नाक्यावर मुक्काम. पुतण्याच्या चांगल्या महिन्यात पाच फेऱ्या झाल्या. जिथे किलोमीटरवर पैसे असतील तिथे उभ्या दिवसाचे किती, हे आधी विचार. माझ्या वेळी कोलाडला गाडी रो-रोवर, म्हणजे ट्रक वाहून नेणाऱ्या कोकण रेल्वेवर चढवली की दिवसाचा भत्ता मिळायचा, किलोमीटरचा रुपया नाही. तरी मी खूश असायचो, गोव्यात वेर्ण्यापर्यंत पाठ टेकायला मिळायची.

तिसरं, आपल्या कोकणात वर्ष सारखं नसतं. मार्च ते मे आंब्याच्या गाड्या, रात्रीत वाशी गाठायची, भाडं चढं. जून-जुलैत मासेमारी बंद, त्या गाड्या उभ्या. दरड आली की घाट बंद. गणपतीत अवजड वाहनांना महामार्गावर बंदी लागते. एप्रिलची कमाई गुणिले बारा करू नकोस.

ए-203:
मी मध्येच बोलते. आमचे हे 14 वर्षं लाईनला आहेत. भाऊजी, पगार आणि भत्ता वेगळा मागा. भत्ता तुमच्या हातात, पगार वहिनींच्या खात्यात, ठरलेल्या तारखेला. आमच्याकडे पहिली तीन वर्षं "हिशेब झाला की देतो" असं असायचं आणि हिशेब दोन-दोन महिने व्हायचा नाही. मग घरासाठी उचल घ्यायची. पगार हातात येईपर्यंत तो उचलीतच संपलेला. लेकीची फी भरायला मी कानातले मोडले, पण ह्यांना फोनवर सांगितलं नाही, कारण गाडी चालवताना माणसाच्या डोक्यात असलं काही नको. पीएफ आहे का तेही विचारा. ह्यांचा नव्हता, आता दुसऱ्या मालकाकडे आहे. पगार 2,000 नी कमी घेऊन तिकडे गेले आणि आम्ही सुखी आहोत.

ए-302:
वहिनी, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. काका, टँकरवर लवकर जाता येईल का मग?

सी-302:
लायसन्सचं मी सांगतो, मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये आहे. कारच्या लायसन्सला वर्ष झालं की ट्रान्सपोर्टचं शिकाऊ काढता येतं, तुमचं ते झालेलं आहे. वय 20 पूर्ण लागतं. पूर्वी आठवी पासची अट होती, ती 2019 ला काढली. स्कूलचा दाखला लागतो आणि डॉक्टरांचं 1-ए प्रमाणपत्र. ट्रान्सपोर्टचं लायसन्स 5 वर्षं चालतं. टँकरवर केमिकल न्यायचं तर 3 दिवसांचा वेगळा कोर्स करून लायसन्सवर शेरा मारून घ्यावा लागतो आणि ते दर 3 वर्षांनी नवं करायचं. कोर्स केला म्हणजे टँकर मिळाला असं मात्र नाही, तिथे अनुभव बघतात.

बी-104:
बरोबर. दोन-तीन वर्षं दहा टायरवर काढ, अपघात नको, मालात घट येऊ देऊ नको. मग शेरा मारून लोट्यातच चौकशी कर. पुतण्या आता दुसऱ्या मालकाकडे आहे, खर्च वजा जाता घरी 19-20 हजार येतात, पीएफ सुरू झालाय. तुझ्या आजच्या पगाराच्या पुढे जायला दीड-दोन वर्षं धर. तेवढे दिवस हप्ता कसा भरणार ते आधी मांड. जमत नसेल तर अजून वर्षभर दुकान सोडू नको, लायसन्स मात्र काढून ठेव. गाडी कुठली ते पण विचार. 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनलेल्या ट्रकला एसी केबिन सक्तीची आहे. मे महिन्यात वाशीच्या रांगेत उभं राहिल्यावर त्याची किंमत कळते.

ए-302:
हप्ता 6,200 आहे. 14,100 मधून तो गेला तर घरी 7,900 राहतात. नाही जमणार काका. लायसन्स काढतो आणि बायकोची अंगणवाडीची नेमणूक होईपर्यंत थांबतो.

बी-104:
रविवारी सकाळी 8 ला खाली ये, वही घेऊन बसतो. सूनबाईलाही आण, हिशेब तिच्यासमोर होऊ दे. आणि तुझ्या चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासलास ते बघून ये.