मदत हवी आहे : बाळाचं हृदयाचं ऑपरेशन, नंतरचं आयसीयू

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचा मुलगा, आठ महिन्यांचा. रडला की ओठ, नखं निळी पडतात. निदान टेट्रालॉजी ऑफ फॅलो : हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आणि फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद (उरलेले दोन दोष त्यांच्याच जोडीचे). पुढच्या महिन्यात परळला ऑपरेशन.

ऑपरेशनचं डॉक्टरांनी नीट समजावलंय. घालमेल आहे ती आयसीयूची. तुमच्या बाळाचा व्हेंटिलेटर कितव्या दिवशी निघाला? आईला आत किती वेळ सोडायचे? नंतर बाळ दूध नीट ओढायला लागलं का? पुढे हृदयाची झडप गळू शकते (रक्त उलटं झिरपतं), म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) करत राहायचं, तेही कळलं. पण बोलणं, चालणं, शाळा यांत मूल मागे पडतं का? हे ज्यांची मुलं आता सात-आठ वर्षांची आहेत, त्यांनी सांगावं. खरं सांगा, 'सगळं छान होईल' हे आमची आई रोज म्हणतेच आहे.

महात्मा फुले योजनेचे कागद मी बघतोय. बहीण कसाऱ्याची, रोज लोकलने ये-जा अशक्य. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अशा आईवडिलांची सोय होते का?