मँचेस्टर युनायटेडच्या नव्या मालकांकडून किती अपेक्षा ठेवावी?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. येत्या रविवारी, १७ ऑगस्ट २०२५ ला, रात्री नऊ वाजता ओल्ड ट्रॅफर्ड या घरच्या मैदानावर आर्सेनलविरुद्धच्या सामन्याने युनायटेडचा नवा मोसम सुरू होत आहे. त्याआधी एक प्रश्न येथे मांडतो, कारण घरात तो विचारला गेला आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही. माझा पुतण्या नववीत आहे. मारुती रोडवरून आणलेली लाल जर्सी दोन वर्षे घालून तिच्यावरचा क्रमांक निम्मा निघून गेला आहे, तरी तो ती टाकू देत नाही. परवा त्याने विचारले, "काका, रॅटक्लिफ आल्यावर आपलं चांगलं झालं की वाईट?"

मी स्वतः १९९९ पासून या संघाच्या मागे आहे. बार्सिलोनातल्या त्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिकविरुद्ध शेवटच्या दोन-तीन मिनिटांत झालेले दोन गोल शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर जमिनीवर बसून पाहिले, आणि तेव्हापासून निष्ठा बदललेली नाही. त्यामुळे डिसेंबर २०२३ मध्ये जिम रॅटक्लिफ यांनी क्लबचा चौथा हिस्सा घेत असल्याचे जाहीर झाले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. मँचेस्टरलगतच्या फेल्सवर्थमध्ये जन्मलेला, लहानपणापासून युनायटेडचाच पाठीराखा असलेला माणूस फुटबॉलचा कारभार हाती घेतो आहे, ही गोष्ट २००५ पासून मालक असलेल्या ग्लेझर कुटुंबाच्या अनुभवानंतर फार मोठी वाटली. कॅरिंग्टनच्या सराव केंद्राचे नूतनीकरण त्यांनी हाती घेतले, एक लाख आसनांच्या नव्या स्टेडियमचा आराखडा या मार्चमध्ये जाहीर केला, आणि या उन्हाळ्यात कुन्या, एम्बेमो व शेश्को या खेळाडूंसाठी मोठी रक्कम मोजली.

मात्र दुसरी बाजूही डोळ्यांआड करता येत नाही. प्रशिक्षक टेन हाग यांचा करार जुलै २०२४ मध्ये वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनाच काढले. क्रीडा संचालक म्हणून आणलेले डॅन ॲशवर्थ पाच महिन्यांत गेले. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेत संघ ४२ गुणांसह पंधरावा आला, आणि मे महिन्यात बिलबाओला टॉटनहॅमकडून युरोपा लीगचा अंतिम सामना गमावला. तो सामना आम्ही दोघांनी पहाटे अडीचपर्यंत जागून पाहिला होता. या सगळ्यात सुमारे अडीचशे कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केले, आणि या वर्षी आणखी दीडशे ते दोनशे जणांची नोकरी जाणार असल्याचे जाहीर झाले.

आपल्यापैकी जाणकारांनी सांगावे: नव्या मालकाची पारख नेमकी कशावरून करावी? दोन मोसमांवरून मत बनवणे घाईचे ठरेल का?

हिशेबनीस (विश्रामबाग, सांगली)

आपला प्रश्न योग्य आहे, पण आपण खेळाडू, प्रशिक्षक आणि गुणतालिकेपासून सुरुवात केली आहे. मी ताळेबंदापासून सुरुवात करीन, कारण या क्लबची दुखणी तिथून सुरू झाली.

आपल्या भागातल्या माणसाला २००५ चा व्यवहार समजावून सांगायचा, तर असा सांगता येईल. समजा एखाद्याने आपल्या गावातली बारमाही पाण्याची, एक रुपयाही कर्ज नसलेली जमीन विकत घेतली, त्यासाठी निम्म्याहून अधिक पैसे कर्जाऊ काढले, आणि त्या कर्जाचा बहुतांश बोजा स्वतःच्या नावावर न घेता त्याच जमिनीच्या सातबाऱ्यावर चढवला. आता ऊस कितीही चांगला आला, तरी पट्टीतले पहिले पैसे व्याजाला जाणार. ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पाउंडांना क्लब घेतला तो याच पद्धतीने. १९३१ पासून कर्जमुक्त असलेली संस्था एका व्यवहारात कर्जबाजारी झाली. वीस वर्षे उलटली, तरी सुमारे ६५ कोटी डॉलरचे मुद्दल अजून तसेच उभे आहे. २००५ मध्येच मँचेस्टरमधील काही पाठीराख्यांनी क्लब सोडून स्वतःचा 'एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर' हा संघ काढला, आणि २०१० मध्ये उरलेल्यांनी लाल रंग बाजूला ठेवून न्यूटन हीथ या मूळ नावाच्या काळातले हिरवे-पिवळे गळपट्टे घातले. तो राग हरण्याचा नव्हता, हे ध्यानात घ्यावे. त्या वर्षांत प्रशिक्षक फर्ग्युसन यांचा संघ जिंकतच होता.

आता रॅटक्लिफ यांच्याविषयी. समभाग विकत घेताना मोजलेला पैसा विकणाऱ्यांच्या खिशात जातो, तो क्लबच्या खात्यावर येत नाही, ही साधी गोष्ट अनेक पाठीराख्यांच्या लक्षातच आलेली नाही. त्यांनी खर्च केलेल्या एकूण रकमेपैकी क्लबमध्ये थेट आले ते ३० कोटी डॉलर. ही रक्कम लहान नाही आणि तिचा उपयोगही होतो आहे, परंतु सातबाऱ्यावरचा बोजा उतरलेला नाही. त्यांचा हिस्सा आज २९ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि मतांचा मोठा वाटा अजूनही ग्लेझर कुटुंबाकडेच आहे. म्हणजे ज्यांना आपण 'नवे मालक' म्हणतो, ते कायद्याच्या दृष्टीने कारभार पाहणारे मोठे भागीदार आहेत.

काटकसरीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. तोटा वर्षानुवर्षे चालू असेल, तर खर्च कमी करावाच लागतो. पण टेन हाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना निरोप देताना एक कोटी पाउंडांहून अधिक रक्कम गेली, आणि त्याच काळात ओल्ड ट्रॅफर्डमधील कर्मचाऱ्यांचे दुपारचे मोफत जेवण बंद झाले. मोसमाच्या मध्यावर उरलेल्या तिकिटांचा दर मुलांना आणि ज्येष्ठांनाही सवलत न देता सरसकट ६६ पाउंड केला, म्हणजे आपले साडेसात हजार रुपयांहून अधिक. चूक वरच्यांनी करायची आणि तिची भरपाई सर्वात खालच्या माणसाकडून घ्यायची, या पद्धतीला काटकसर म्हणता येत नाही. माझी शंका आहे ती इथे.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

मी इंग्लंडमधल्या क्लबांबद्दल अधिकाराने बोलू शकत नाही, पण मालक बदलला की काय होते ते मी आपल्या राज्यातच पाहिले आहे. २०१४ ते २०१९ या काळात इंडियन सुपर लीगमधल्या एफसी पुणे सिटीचे सामने पाहण्यासाठी आम्ही चार-पाच मित्र साताऱ्याहून खंबाटकी ओलांडून बालेवाडीला जात असू. मार्च २०१८ मध्ये बेंगळुरूविरुद्ध उपांत्य फेरीचा पहिला सामना तिथे गोलशून्य सुटला, तेव्हा परतताना गाडीत कोणाला झोप आली नाही, कारण अंतिम फेरी प्रथमच आवाक्यात दिसत होती. परतीच्या सामन्यात बेंगळुरूच्या सुनील छेत्री यांनी तीन गोल केले आणि तो विषय संपला. हरलो, पण पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ, असे वाटले होते. पुढच्याच वर्षी मालक आर्थिक अडचणीत आले, क्लब बंद झाला आणि त्याच्या जागी हैदराबादचा नवा संघ लीगमध्ये उतरला. त्या संघाने २०२२ मध्ये चषक जिंकला, तेव्हा मी टीव्ही बंद केला होता.

नारिंगी गळपट्टा अजून कपाटात आहे. आम्हाला कोणी काही विचारले नव्हते आणि कळवलेही नव्हते. कृष्णाकाठ यांना एवढेच सांगेन की आपला क्लब पंधरावा आला तरी तो पुढच्या रविवारी त्याच मैदानावर, त्याच नावाने खेळणार आहे, आणि हे साधे भाग्य मोजताना विसरू नये.

शेडवाला (विटा)

हिशेबनीस यांचे विवेचन पटले, परंतु कर्जाचा बोजा ही एकच कसोटी मानली, तर फसगत होईल. माझी विट्याजवळ लहानशी पोल्ट्री आहे, त्यामुळे नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकीज समूहाने ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला, तेव्हा तालुक्यात इतर कोणाला नसेल एवढा अभिमान मला वाटला होता. ज्या उद्योगाच्या जोरावर आमची शेड उभी आहे, त्याच उद्योगातली मराठी मुलखातली मंडळी प्रीमियर लीगमध्ये गेली होती. अंड्यांचे ट्रे भरता भरता मी त्या संघाचे निकाल मोबाइलवर पाहू लागलो.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. महिन्याभरात अनुभवी प्रशिक्षक सॅम ॲलर्डाइस यांना काढले, आणि मे २०१२ मध्ये विगनविरुद्ध घरच्या मैदानावर हरून संघ प्रीमियर लीगमधून खाली उतरला. त्या सामन्यात पाठीराख्यांनी संघाचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. ते दृश्य मला आजही आठवते. आमच्या रोजीरोटीचे जनावर तिथल्या लोकांनी संतापाचे चिन्ह केले होते. २०१७ मध्ये संघ तिसऱ्या स्तरावर घसरला, पुढच्याच वर्षी एक पायरी वर आला, आणि प्रीमियर लीगमध्ये मात्र अजून परतलेला नाही.

इथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की या मालकांनी क्लब ओरबाडला नाही. वर्षानुवर्षे तोटा भरून काढण्यासाठी त्यांनी स्वतःचा पैसा ओतला. उणीव राहिली ती खेळाच्या जाणकारीची आणि त्या गावात मालक म्हणून प्रत्यक्ष दिसण्याची. याच क्लबचे आधीचे मालक जॅक वॉकर पोलादाच्या व्यवसायातले, ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेले, आणि त्यांच्या काळात १९९५ मध्ये या छोट्या शहराने युनायटेडला मागे टाकून लीग जिंकली होती. पोल्ट्रीत खाद्य कितीही भारी आणले, तरी सकाळी स्वतः शेडमध्ये फिरून कोंबड्यांचा आवाज ऐकला नाही, तर आजार उशिरा कळतो. रॅटक्लिफ सामन्यांना येतात, पत्रकारांना सामोरे जातात, टीका ऐकतात, ही मी त्यांच्या बाजूची मोठी गोष्ट धरतो. ॲशवर्थ यांच्यासारखी निवड पाच महिन्यांत फिरवावी लागली, हे मात्र मलाही काळजीचे वाटते.

माजी सचिव (वाळवा तालुका)

मी तीस वर्षे विकास सोसायटीचे दप्तर सांभाळले आहे. जर्मनीतला '५०+१' चा नियम मला मुलाने समजावून सांगितला, तेव्हा तो लगेच कळला, कारण तो सहकाराचाच नियम आहे. १९९८ पासून तिथल्या क्लबांना भांडवलदार घेता येतो, पण मतांचे बहुमत सभासदांच्या संस्थेकडेच राहावे लागते. बायर्नमध्ये ॲडिडास, ऑडी आणि अलियान्झ या तीन कंपन्यांचा मिळून चौथा हिस्सा आहे, आणि उरलेला सभासदांच्या संस्थेचा. २०२३-२४ च्या मोसमात लीगने प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला वाटा बाहेरच्या गुंतवणूकदाराला देण्याचे ठरवले, तेव्हा पाठीराख्यांनी आठवडेच्या आठवडे टेनिसचे चेंडू मैदानात फेकून सामने थांबवले, आणि फेब्रुवारीत ती बोलणी सोडून द्यावी लागली.

पण सहकाराचे गुणगान करताना एक गोष्ट लपवू नये. ज्या वार्षिक सभेत अहवालाचे पान न उलगडताच 'मंजूर, मंजूर' म्हणून विषय आटोपतात, तिथे सभासदत्व कागदावरच राहते. आमच्या भागात एक साखर कारखाना वीस हजारांहून अधिक सभासदांचा असूनही शेवटी दुसऱ्याला चालवायला द्यावा लागला. माझ्या स्वतःच्या उसाचे बिल त्या काळात चौदा महिने अडकले होते, आणि त्याआधीच्या सहा सभांपैकी एकाही सभेत मी उठून प्रश्न विचारला नव्हता. जर्मनीतल्याच लायपझिग या क्लबनेही नियमाचे अक्षर पाळून मतदानाचा अधिकार अगदी मोजक्या सभासदांपुरता ठेवला आहे.

इंग्लंडमध्ये गेल्या महिन्यात फुटबॉलच्या नियमनाचा कायदा संमत झाला आहे. मालकाची आर्थिक ऐपत तपासणे, आणि घरचे मैदान, बोधचिन्ह किंवा रंग यांसारख्या बाबतींत पाठीराख्यांना विचारात घेणे, हे आता स्वतंत्र नियामकाच्या कक्षेत येईल. बरी हा १८८५ चा क्लब अवघ्या एका पाउंडाला विकला गेला आणि २०१९ मध्ये लीगमधून बाहेर काढला गेला, त्यानंतर ही जाग आली. साताऱ्याच्या मित्रांनी जे सोसले, त्यावर आपल्याकडे असा कायदा कधी होईल, हा प्रश्न मला युनायटेडपेक्षा अधिक जवळचा वाटतो.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. पुतण्याला हे सगळे वाचून दाखवले. बालेवाडीच्या मजकुरावर तो बराच वेळ काही बोलला नाही. सातबाऱ्याची उपमा त्याला लगेच कळली, कारण आमच्या तुंगच्या जमिनीवरचा सोसायटीचा बोजा उतरवण्यासाठी मागच्या उन्हाळ्यात तो माझ्याबरोबर तलाठी कार्यालयात आला होता. त्याने पुढचा प्रश्न विचारला तो असा: एक लाख आसनांचे स्टेडियम बांधायला पैसे कोण देणार?

हिशेबनीस (विश्रामबाग, सांगली)

आपल्या पुतण्याने नेमके बोट ठेवले आहे. सुमारे दोन अब्ज पाउंडांचा खर्च सांगितला जातो. ओल्ड ट्रॅफर्डच्या छतातून मे २०२४ मध्ये आर्सेनलच्याच सामन्यानंतर पाण्याचे लोट कोसळले होते, त्यामुळे गरजेबद्दल वाद नाही. मात्र हा पैसा मालकांच्या खिशातून येणार की पुन्हा क्लबच्या नावावर कर्ज चढणार, हे आजपर्यंत जाहीर झालेले नाही. ज्या दिवशी ते जाहीर होईल, त्या दिवशी मी रॅटक्लिफ यांच्याविषयीचे माझे मत येथेच लिहीन. रविवारचा सामना मी पाहणार आहे. आपण दोघे विश्रामबागेत आलात, तर माझ्याकडे जागा आहे.